पॉलिमर क्ले : नावाने माती, गुणाने प्लॅस्टिक

प्रास्ताविक

उपयोजित मराठीचा अभ्यास करताना एखाद्या नव्या वस्तूचा परिचय वाचकाला करून देणे, हा एक स्वतंत्र लेखनप्रकार म्हणून आपण लक्षात घेतो. वस्तू नवी असली तरी तिच्यासाठी वापरावे लागणारे शब्द बहुधा जुनेच असतात. ते कधी वाटाड्याचे काम करतात, तर कधी चुकीच्या रस्त्याला लावतात. पॉलिमर क्ले हे त्याचे एक बोलके उदाहरण आहे. गेल्या काही वर्षांत या पदार्थापासून केलेली कर्णफुले, पेंडंट, किल्ल्यांच्या साखळ्या आणि लहान मूर्ती तालुक्याच्या बाजारपेठांतही दिसू लागल्या आहेत. पुष्कळ ठिकाणी त्यांच्यावर ‘मातीचे दागिने’ अशी चिठ्ठी असते. ही माती कोणती, ती कशी घडवतात, तिला ‘माती’ म्हणावे काय आणि म्हटल्याने काय बिघडते, हे या लेखात पाहावयाचे आहे.

माती या शब्दाचा आपल्याकडील पसारा

अरुणावतीच्या काठी, नागपूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेल्या आर्णीसारख्या गावात ‘माती’ हा शब्द एकवचनी असला तरी वस्तू एक नसते. शेताची ती ‘काळी’ आणि वस्तीची ती ‘पांढरी’, अशी आपल्या भाषेनेच वाटणी केली आहे. कपाशीची ही काळी माती बेसाल्ट खडक झिजून तयार झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट या खनिजाचे प्रमाण अधिक असते. हे खनिज पाणी पिऊन फुगते व वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या हातभर खोल भेगा हा त्याचाच परिणाम होय. म्हणूनच कपाशीला मानवणारी ही माती जशीच्या तशी मडक्याला मानवत नाही. कुंभार तळ्याचा गाळ किंवा नदीकाठची चिकणमाती आणतो, तीत वाळू, राख, घोड्याची लीद मिसळतो, पाणी घालून ती तुडवतो आणि मुरवतो. या साऱ्या खटाटोपाला ‘माती कमावणे’ म्हणतात. गणपतीसाठी शाडू, अंगण सारवण्यासाठी वेगळी माती, भिंतीला पांढरी. प्रत्येकीचे काम ठरलेले आणि नावही. विदर्भाच्या मातीकामाचा विचार करताना चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीच्या ग्रामोदय संघाचे नाव घ्यावे लागते. तेथे कुंभारकामाला सिरॅमिकच्या आधुनिक तंत्राची जोड मिळाली.

या सर्व मातींत एक गोष्ट समान आहे. त्या जमिनीतून येतात, पाण्याने मऊ होतात आणि भाजल्या नाहीत तर पाण्यातच विरघळून पुन्हा जमिनीला मिळतात. मराठी माणसाच्या मनात ‘माती’ या शब्दाभोवती जे भावविश्व आहे, ते याच परतीच्या प्रवासावर उभे आहे. श्रावणातल्या अमावास्येला, पोळ्याच्या दिवशी, ज्यांच्या दावणीला बैल नाही त्यांच्या घरी मातीच्या बैलांची पूजा होते. गणपती पाण्यात जातो. आणि अखेर माणूसही मातीला मिळतो, असे आपण म्हणतो.

पॉलिमर क्ले यांपैकी काहीच करीत नाही.

पदार्थाची घडण

पॉलिमर या संज्ञेला मराठी विश्वकोशाने ‘बहुवारिक’ असा प्रतिशब्द दिला आहे. लहान लहान रेणूंच्या कड्या एकमेकींत अडकून जी लांबच लांब साखळी होते, ती बहुवारिक. कापसाच्या तंतूतील सेल्युलोज हेही एक बहुवारिकच. म्हणजे निसर्गाने केलेल्या बहुवारिकाचे ढीग यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी दर हंगामात बाजारात नेत असतो. पॉलिमर क्लेमधील बहुवारिक मात्र कारखान्यात तयार होते. त्याचे नाव पॉलिव्हिनिल क्लोराइड, अर्थात आपल्या परिचयाचे पीव्हीसी.

विहिरीवरून शेतात गेलेला पीव्हीसीचा पाइप आणि विजेच्या तारेवरचे मऊ आवरण, ही दोन्ही एकाच पदार्थाची रूपे आहेत. एक टणक आणि दुसरे बोटाने वाकणारे, हा फरक कशाने पडतो? मऊ पीव्हीसीत तेलासारखा एक द्रव मिसळलेला असतो. तो लांब साखळ्यांच्या मधे शिरून त्यांना एकमेकींवरून घसरू देतो. या द्रवाला प्लॅस्टिसायझर म्हणतात, मराठीत ‘मृदुकारी द्रव’ म्हणता येईल. टणक पीव्हीसीला असे मऊ करण्याची युक्ती अमेरिकेतील वॉल्डो सीमन या रसायनज्ञाला १९२६ मध्ये सापडली.

पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसीचे अतिसूक्ष्म कण, हा मृदुकारी द्रव, रंगद्रव्ये आणि थोडी भरड यांचा लगदा. कच्च्या अवस्थेत कण द्रवात नुसते भिजलेले असतात, म्हणून लगदा कणकेसारखा मळता येतो. त्यात पाणी नसल्यामुळे तो हवेवर वाळत नाही. उष्णता मिळाली की द्रव कणांच्या आत शिरतो, कण फुगून एकमेकांना चिकटतात आणि सलग, चिवट असा एकच पदार्थ तयार होतो. येथे काही वाळत नाही, उडून जात नाही. साहजिकच आकारही जवळजवळ आकसत नाही. कुंभाराच्या मातीची वस्तू वाळून भाजून निघेपर्यंत दहा टक्क्यांच्या आसपास लहान होते. पॉलिमर क्लेचे कर्णफूल जेवढे केले तेवढेच राहते.

बाजारात ‘क्ले’ या एकाच नावाखाली आणखी तीन पदार्थ विकले जातात. शाळकरी मुलांची कधीच न वाळणारी रंगीत तेलमाती ही १८९७ मध्ये इंग्लंडात विल्यम हार्बट यांनी केलेल्या प्लॅस्टिसिनच्या कुळातील. मक्याचे पीठ व गोंद शिजवून केलेला, हवेवर वाळणारा लगदा दुसरा. आणि दोन भाग एकत्र मळले की काही तासांत आपोआप घट्ट होणारी इपॉक्सी माती तिसरी. नळाची गळती बुजवायला वापरतात त्या एम-सीलची ही बहीणच म्हणा. घरोघरी दिसणारी भिंतीवरची उठावाची चित्रे बहुधा या तिसऱ्या प्रकारची असतात. दुकानात नुसते ‘क्ले द्या’ म्हणणाऱ्याच्या हाती यांपैकी काहीही पडू शकते. म्हणून वेष्टनावर ‘भट्टीत भाजावयाची’ अशा अर्थाची सूचना आणि तापमानाचा आकडा आहे की नाही, हे आधी पाहावे.

बाहुलीच्या कारखान्यातून

या पदार्थाचा इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. केटे क्रूझ या जर्मनीतील नामवंत बाहुलीकार. त्यांच्या बाहुल्यांची डोकी करण्यासाठी योग्य द्रव्याचा शोध चालू असताना, १९३०च्या दशकाच्या अखेरीस, असा एक लगदा त्यांच्या कार्यशाळेत आला. कारखान्याला तो सोयीचा वाटला नाही. त्यांची मुलगी सोफी, घरातले नाव फिफी, हिने मात्र तो उचलला, त्यात रंग मिसळले आणि पुढे तो स्वतःच्या नावाने विकला. १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर या पेन्सिली करणाऱ्या कंपनीने तिच्याकडून तो घेतला आणि ‘फिमो’ या नावाने बाजारात आणला. त्या नावात फिफीचे पहिले अक्षर आजही टिकून आहे. अमेरिकेतील ‘स्कल्पी’ची कथा याच वळणाची आहे. विजेच्या रोहित्रातील उष्णता वाहून नेण्यासाठी तयार केलेला तो लगदा त्या कामी निरुपयोगी ठरला, आणि मालकाच्या मुलीने खेळता खेळता त्याची बाहुली केली. कारखान्यांनी टाकलेल्या वस्तूची किंमत दोन्ही ठिकाणी मुलींनी ओळखली, हे मला तरी या इतिहासातील सर्वांत लक्षणीय वाटते.

हाताचे काम : स्वयंपाकघराची भाषा

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. येथे मराठी वाचकाला कुंभारवाड्यापेक्षा स्वयंपाकघराचे शब्द अधिक उपयोगी पडतात.

पॉलिमर क्ले ५७ ग्रॅमच्या आसपासच्या लहान वड्यांच्या रूपात मिळते. वडी उघडल्याबरोबर काम सुरू करू नये; आधी ती कणकेसारखी तिंबावी लागते. हाताच्या उबेने आणि दाबाने कण व द्रव पुन्हा एकजीव होतात. न तिंबलेली क्ले वाकवताना चिरते व भाजल्यावर ठिसूळ निघते. तिंबून झाल्यावर काचेच्या किंवा गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर ती लाटतात. लाटण्याऐवजी काचेची सरळ बाटली चालते. बारीक दोरे काढावयाचे असतील तर सोऱ्याचे तत्त्व वापरतात. मात्र एकदा क्लेला लावलेले लाटणे, सोऱ्या, सुरी किंवा ताट पुन्हा अन्नाला लावू नये. कामानंतर हात साबणाने धुवावेत. काही मृदुकारी द्रव थॅलेट या गटातील असतात आणि त्यांतील काहींवर लहान मुलांच्या खेळण्यांपुरती युरोपीय संघाने २००५ मध्ये कायमची बंदी घातली. आज नावाजलेले उत्पादक थॅलेटविरहित क्ले विकतात. निनावी स्वस्त वड्यांविषयी तशी खात्री देता येत नाही.

या कलेतील खरी गंमत रंग ‘मिसळण्यात’ नसून ते शेजारी ‘मांडण्यात’ आहे. अळूच्या पानावर बेसन लावून, पाने एकावर एक ठेवून त्यांची वळकटी करतात. कापल्यावर प्रत्येक वडीवर तेच हिरवे-पिवळे चक्र उमटते. पॉलिमर क्लेची चक्राकार नक्षी अगदी अशीच होते: दोन रंगांच्या लाट्या एकमेकींवर ठेवाव्यात, घट्ट वळकटी करावी आणि धारदार पात्याने पातळ चकत्या काढाव्यात. पाकळ्यांसाठी रंगीत दांड्या एका मधल्या दांडीभोवती रचल्या, पोकळ जागा पार्श्वभूमीच्या रंगाने भरल्या की फूल तयार होते. आता हा जाडजूड दंडगोल सर्व बाजूंनी सारखा दाबत व ओढत बारीक करावा. आतले फूल प्रमाणशीर लहान होत जाते आणि मुठीएवढ्या फुलाचे मोहरीएवढे फूल होते. इटलीतील मुरानोचे काचकारागीर काचेच्या सळ्यांत ही युक्ती शतकानुशतके वापरीत आले; त्यांच्या भाषेतील ‘मिलेफिओरी’ या नावाचा अर्थ ‘हजार फुले’. काचेला त्यासाठी धगधगती भट्टी लागते, क्लेला हाताची ऊब पुरते. जिल्ह्यातील बंजारा समाजाच्या पोशाखातील आरसे, कवड्या आणि मणी यांची रचना डोळ्यांपुढे ठेवून कोणी अशी नक्षी बसवू लागले, तर परदेशी पुस्तकांतील गुलाबांची नक्कल करण्यापेक्षा ते काम नक्कीच अधिक मोलाचे होईल.

दोन अडचणी आपल्या भागाच्या म्हणून सांगितल्या पाहिजेत. पहिली, कापूस. वेचणीच्या हंगामात हवेत, कपड्यांवर आणि हातांवर असलेला बारीक तंतू पांढऱ्या क्लेला तत्काळ चिकटतो व निघता निघत नाही. तेव्हा फिके रंग आधी आणि गडद रंग नंतर हाताळावेत व मधे हात ओल्या फडक्याने पुसावेत. दुसरी अडचण उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या वाहनात राहिलेली वडी हळूहळू कडक होऊ लागते. भाजण्याची क्रियाच तेथे मंदगतीने सुरू झालेली असते. वड्या घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, माठाच्या शेजारी म्हणा, झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. काही जातींच्या प्लॅस्टिकला क्लेतील द्रव विरघळवतो. डब्याचा तळ चिकट झाला तर तो बदलावा.

कच्चे आणि पक्के

येथवर जुने शब्द आपल्या मदतीला आले. ‘भाजणे’ या शब्दापाशी मात्र ते दगा देऊ लागतात.

तेरचे संत गोरोबा कुंभार थापटीने संतांची डोकी ठोकून कच्चे मडके कोणते ते पारखतात आणि नामदेवांना कच्चे ठरवतात, ही आख्यायिका आपण ऐकली आहे. तिच्यामागे कारागिरीतील एक सत्य आहे. आव्यात ७०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या मातीच्या घडणीतील पाणी कायमचे निघून जाते, रंग लालसर होतो आणि ठोकल्यावर खणखणीत नाद येतो. डोळा आणि कान, दोघेही साक्ष देतात. पॉलिमर क्लेच्या बाबतीत दोघेही जवळपास गप्प असतात. कच्च्या आणि भाजलेल्या वस्तूचा रंग जवळजवळ सारखा, नादही सांगण्यासारखा नाही. ओव्हनमधून काढलेली वस्तू गरम असताना मऊच लागते. नवखा कारागीर ती कच्ची समजून आणखी तापवतो आणि करपवतो. याच्या उलट, थंड झाल्यावर वरून घट्ट लागणारी वस्तू आतून अर्धवट राहिलेली असू शकते. ती विकली जाते आणि महिन्याभरात गिऱ्हाइकाच्या कानात तुटते. पक्केपणाची परीक्षा एकच: त्याच वेळी भाजलेली एक पातळ पट्टी पूर्ण थंड झाल्यावर वाकवून पाहावी. वाकून परत आली तर पक्की, कडकन मोडली तर कच्ची. म्हणजे मडक्याचा पक्केपणा नादात असतो आणि क्लेचा लवचीकपणात.

तापमानाचे प्रमाणही मातीपेक्षा अगदी निराळे आहे. फिमोच्या वेष्टनावर ११० अंश सेल्सिअस व ३० मिनिटे अशी सूचना असते. स्कल्पीच्या बऱ्याच प्रकारांना १३० अंशांच्या आसपास, दर ६ मिलिमीटर जाडीला किमान १५ मिनिटे लागतात. जाडी वाढली की वेळ वाढवायची, तापमान कधीही वाढवायचे नाही. १७५ अंशांच्या पुढे वस्तू काळवंडू लागते आणि पीव्हीसी विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड हा डोळ्यांना व श्वसनमार्गाला झोंबणारा वायू सुटतो. म्हणून चूल, गॅसची ज्योत, तवा आणि मायक्रोवेव्ह ही साधने या कामी पूर्णतः वर्ज्य समजावीत. तव्याचा तळ किती तापला हे कळायला मार्ग नसतो. उकळत्या पाण्याचे १०० अंश तर अपुरेच पडतात. घरगुती विद्युत ओव्हनच्या बटणावरचा आकडाही विश्वासार्ह नसतो, आणि विजेचा दाब कमी-जास्त होणाऱ्या गावात तर मुळीच नाही. आत ठेवण्याचा स्वतंत्र तापमापक ही या व्यवसायातील पहिली गुंतवणूक होय, रंगांच्या वड्या त्यानंतर. वस्तू फरशीच्या तुकड्यावर ठेवावी, खिडकी उघडी असावी. ओव्हन केवळ याच कामासाठी असेल तर उत्तम.

एक गोष्ट मात्र मडक्याला कधीच जमत नाही आणि क्लेला जमते. भाजलेल्या वस्तूवर कच्ची क्ले चढवून ती पुन्हा भाजता येते, आणि हे अनेकदा करता येते. पाकळ्या आज, देठ उद्या, अशी सवडीने कामे करणाऱ्या गृहिणीला किंवा नोकरी सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ही सवलत मोठी आहे. भाजल्यानंतर पाणकागदाने ओले घासून जुन्या जाड सुती कापडाने चकाकी आणावी. नखांना लावायचे पॉलिश वरून देण्याचा मोह टाळावा. त्यातील द्रावक क्लेला हळूहळू चिकट करतो.

चिठ्ठीवर काय लिहावे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अशा वस्तूवर ‘मातीचे दागिने’ असे लिहिले तर काय बिघडते?

पहिली गोष्ट, भाजलेल्या खऱ्या मातीचे दागिने घडवणारे कारागीर याच बाजारात बसलेले असतात. त्यांच्या दागिन्याला वजन असते, रंग मर्यादित असतात आणि पडला तर फुटतो. क्लेचा दागिना हलका, रंगीत आणि चिवट असतो. दोघांवर एकच शब्द असला की गिऱ्हाइकाला दोन्ही वस्तू सारख्याच वाटतात आणि मातीचा कारागीर आपल्या वस्तूच्या दोषांची उत्तरे देत बसतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘माती’ म्हटले की मराठी मनात विरघळणे आलेच. क्लेचा चिमुकला गणपती कोणी ‘मातीचा’ म्हणून घेतला, तर तो श्रद्धेने पाण्यातच सोडणार. तो विरघळणार नाही. अरुणावतीच्या गाळात प्लॅस्टिकच्या तुकड्यासारखा पडून राहील. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत मूर्तींसाठी नैसर्गिक व विघटनशील द्रव्यांचा आग्रह आहे आणि प्लॅस्टिकला नकार आहे. पॉलिमर क्ले त्या नकारात मोडते. तिसरी गोष्ट, तुटकी वस्तू ‘मातीचीच’ म्हणून कचऱ्याबरोबर पेटवली जाते, आणि वर सांगितलेला वायू अंगणात पसरतो. खेळण्यांचा नियम वेगळाच आहे: १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह सक्तीचे झाले. तेव्हा शोभेच्या वस्तूला विक्रीसाठी सहज ‘खेळणे’ म्हणणेही जपून.

यावर ‘बहुवारिक माती’ असा शुद्ध प्रतिशब्द सुचवता येईल. माझ्या मते तो टाळावा. त्यातील पहिला शब्द गिऱ्हाइकाला कळत नाही आणि दुसरा त्याची दिशाभूल करतो. ‘पॉलिमर क्ले’ हा रुळलेला शब्द तसाच ठेवून त्याखाली एक साधे वाक्य लिहावे: ‘हे भाजून घट्ट केलेले प्लॅस्टिक आहे, पाण्यात सोडू नये, जाळू नये, लहान मुलांच्या तोंडात देऊ नये.’ असे लिहिल्याने विक्री घटेल, ही भीती काही जणांना वाटते. परंतु ज्या गिऱ्हाइकाला हलके, न फुटणारे, पावसात न बिघडणारे कर्णफूल हवे आहे, त्याच्यासाठी प्लॅस्टिक असणे हाच त्या वस्तूचा गुण आहे. तो लपवण्याचे कारण नाही. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला आळा घातला आहे आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी हीदेखील एक जाहिरातच असते.

स्वयंअध्ययनासाठी

१. आपल्या गावात मातीच्या प्रकारांसाठी वापरले जाणारे किमान आठ शब्द गोळा करा. प्रत्येक माती कोठून आणतात व कशासाठी वापरतात, ते एकेका वाक्यात लिहा.

२. ‘तिंबणे’, ‘कमावणे’, ‘मुरवणे’ आणि ‘भाजणे’ या क्रियापदांचा स्वयंपाकातील व कुंभारकामातील अर्थ सांगा. यांपैकी कोणते क्रियापद पॉलिमर क्लेला लागू पडत नाही, ते सकारण लिहा.

३. जवळच्या बाजारात ‘मातीची’ म्हणून विकली जाणारी एखादी वस्तू पाहा. ती खरोखर कशाची आहे हे विक्रेत्याला विचारून, तिच्यासाठी ३० शब्दांची मराठी चिठ्ठी तयार करा.